ज्यांना सांगता येत नाही, त्यांचे दुखणे केसपेपरवर यावे : बेळगाव जिल्ह्यातील आरोग्य अधिकाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
मा. जिल्हा आरोग्य व कुटुंब कल्याण अधिकारी,
मा. जिल्हा शल्यचिकित्सक,
तसेच बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी आणि हुक्केरी तालुक्यांतील सरकारी व खासगी रुग्णालयांचे प्रमुख आणि परिचारिका-प्रमुख यांस

विषय : लहान मुले, बौद्धिक दिव्यांग व्यक्ती आणि स्मृतिभ्रंश झालेले वृद्ध यांच्या वेदनेची नोंद चित्रपट्टी व निरीक्षण-तक्त्याच्या आधारे, रुग्णाच्या भाषेत ठेवण्याबाबत

मा. महोदय, महोदया,

सप्रेम नमस्कार.

मी खानापूर तालुक्यातील निवृत्त प्राथमिक शिक्षिका आहे. मराठी शाळेत ३१ वर्षे मी बहुतेक काळ पहिली-दुसरीचेच वर्ग सांभाळले, त्यामुळे ज्या पोराला आपले दुखणे नीट सांगता येत नाही त्याच्याकडे बघून ते ओळखण्याची सवय मला नोकरीनेच लावली. तरीही हे पत्र मी शिक्षिका म्हणून कमी आणि मावशी म्हणून अधिक लिहीत आहे.

माझ्या बहिणीच्या मुलीला जन्मापासून सेरेब्रल पाल्सी आहे, म्हणजे मेंदूतल्या दोषामुळे तिचा शरीराच्या हालचालींवर ताबा राहत नाही. ती चालत नाही, बोलत नाही. पण माणसे ओळखते, आवडते भजन लागले की मान डोलावते आणि नको असलेला घास जिभेने हलकेच बाहेर ढकलते. अशा मुलांची हाडे पुष्कळदा ठिसूळ असतात. ती ७ वर्षांची असताना अंघोळीला उचलताना तिच्या उजव्या मांडीचे हाड मोडले आणि तिला आपल्याच जिल्ह्यातील एका रुग्णालयात दाखल करावे लागले. कमरेपासून पावलापर्यंत प्लास्टर घातले गेले. तिसऱ्या रात्री तिच्यापाशी मी होते. साडेअकराच्या सुमारास ती हसू लागली.

हे हसणे कसे होते ते मला नीट सांगितले पाहिजे. आवाज नव्हता. तोंड उघडे, ओठ ताणलेले, श्वास मध्येच रोखलेला आणि मग एकदम सोडलेला. डाव्या, मोकळ्या पायाची बोटे आत मुडपलेली आणि डावा हात सारखा कानाच्या पाळीकडे जाणारा. असे हसणे म्हणजे तिला काहीतरी असह्य होते आहे, हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे. दाढ किडली होती तेव्हाही ती अशीच हसत होती. मी सिस्टरना बोलावले. त्या लगेच आल्या, तिच्या गालावरून मायेने हात फिरवला आणि अडखळत्या मराठीत म्हणाल्या, “हसतेय की, चांगली हाय.” मी सांगून पाहिले, पण माझे कानडी बाजारहाटापुरते आणि त्यांचे मराठी तितकेच. केसपेपरवर वेदनेसाठी एक रकाना होता, त्यात शून्य ते दहापैकी आकडा भरायचा होता. त्या रात्री, त्याआधीच्या पाळीला आणि त्याही आधीच्या पाळीला तिथे शून्य लिहिलेले होते. सकाळी डॉक्टरांनी टाचेपाशी प्लास्टर कापून पाहिले, तेव्हा प्लास्टरच्या दाबाने रुपयाच्या नाण्याएवढी कातडी काळी पडलेली आढळली.

मी कोणाविरुद्ध तक्रार करण्यासाठी हे लिहीत नाही. त्या सिस्टर कर्तव्यात कुठेही कमी पडल्या नाहीत. त्यांच्या हातात जो कागद दिला होता तो फक्त बोलणाऱ्या रुग्णासाठी केलेला होता. ज्या तोंडातून आकडा येणार नाही त्याच्यासाठी त्या कागदावर काहीच सोय नव्हती, आणि रिकामा रकाना चालत नसल्यामुळे तिथे शून्य पडत गेले. माझे सगळे म्हणणे या शून्याविषयी आहे. विचारता आले नाही म्हणून लिहिलेले शून्य आणि खरोखर दुखत नाही म्हणून लिहिलेले शून्य कागदावर सारखेच दिसतात, आणि पुढच्या पाळीची परिचारिका व सकाळच्या फेरीचे डॉक्टर दोन्हींचा अर्थ एकच घेतात.

वेदनेच्या अभ्यासासाठी असलेल्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२० साली वेदनेची आपली १९७९ पासूनची व्याख्या सुधारली, तेव्हा व्याख्येखालच्या टिपांमध्ये हे स्पष्ट नोंदवले की बोलून सांगणे हा वेदना व्यक्त करण्याच्या अनेक प्रकारांपैकी केवळ एक प्रकार आहे आणि सांगता येत नाही एवढ्यावरून वेदना नाही असे ठरत नाही. ही गोष्ट इतकी उघड वाटते की ती लिहून ठेवण्याची गरज का पडावी, असे कोणालाही वाटेल. पण वैद्यकशास्त्राचा इतिहास पाहिला तर गरज का पडली ते कळते. गेल्या शतकाच्या ऐंशीच्या दशकापर्यंत, तान्ह्या बाळाची मज्जासंस्था अपुरी असल्याने त्याला वेदना फारशी जाणवत नाही, असे मानून जगातल्या मोठमोठ्या रुग्णालयांतही नवजात बाळांवर अगदी अपुरी भूल देऊन शस्त्रक्रिया होत असत. भारतीय वंशाचे डॉ. कंवलजीत सिंग आनंद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनाने ही समजूत मोडली. पुरेशी भूल दिलेली अपुऱ्या दिवसांची बाळे शस्त्रक्रियेचा ताण कमी सोसतात आणि त्यांच्यात नंतरची गुंतागुंतही कमी होते, हे त्यांनी दाखवून दिले. ती बाळे त्याआधीही रडतच होती, पण त्या रडण्याला कोणी वेदना म्हणून मोजत नव्हते.

आता मोजण्याच्या साधनांविषयी. आपल्यापैकी अनेकांच्या रुग्णालयांत भिंतीवर सहा गोल चेहऱ्यांचा तक्ता लावलेला असतो : डावीकडे हसरा, उजवीकडे अश्रू गाळणारा. हा तक्ता अमेरिकेतील टल्सा येथे डोना वाँग या परिचारिका आणि त्यांच्या सहकारी कॉनी बेकर यांनी १९८३ साली तयार केला. भाजलेल्या मुलांच्या विभागात काम करताना त्यांनी मुलांपुढे सहा रिकामी वर्तुळे ठेवली आणि न दुखण्यापासून खूप दुखण्यापर्यंतचे चेहरे मुलांकडूनच काढून घेतले. आकडे न कळणाऱ्या मुलाला स्वतःचे दुखणे दाखवता यावे, ही त्यामागची तळमळ मला फार मोलाची वाटते. ३ वर्षांपासून पुढच्या मुलांसाठी हा तक्ता आहे. चेहऱ्यांना अनुक्रमे ०, २, ४, ६, ८ आणि १० असे गुण आहेत.

मात्र या तक्त्याची एक अडचण मी माझ्या वर्गातच अनुभवली आहे. एका वर्षी शाळेच्या आरोग्य तपासणीच्या निमित्ताने मी असेच सहा चेहरे पुठ्ठ्यावर काढून ठेवले होते. मधल्या सुट्टीत पहिलीतला एक मुलगा गुडघा फोडून आला. पाण्याने जखम धुताना त्याचे ओठ थरथरत होते. मी पुठ्ठा पुढे धरून विचारले, तर त्याने हसऱ्या चेहऱ्यावर बोट ठेवले. का, असे विचारल्यावर म्हणाला, “बाई, ह्यो चांगला हाय.” त्याने दुखणे दाखवले नव्हते, त्याला आवडलेला चेहरा दाखवला होता. त्याच्या मागे उभ्या असलेल्या दुसऱ्याने सांगितले, की रडका चेहरा मुलींचा असतो. मूल रडत नसले तरी शेवटचा चेहरा निवडता येतो, असे वाँग-बेकर तक्त्याच्या सूचनांमध्ये मुद्दाम लिहिलेले आहे. पण ती ओळ मुलाला त्याच्या भाषेत कोणी सांगितलीच नाही, तर तो मुलगा ४ च्या पुढे बोट नेणार नाही.

याच कारणाने दुसरी एक पट्टी मला आपल्याकडे अधिक उपयोगी वाटते. १९९० साली ‘फेसेस पेन स्केल’ नावाची सात चेहऱ्यांची एक पट्टी तयार झाली होती. २००१ साली ती सुधारून सहा चेहऱ्यांची करण्यात आली, म्हणजे तिचेही गुण ० ते १० असे जुळतात. तिच्यात पहिला चेहरा हसत नाही, तो नुसता शांत आहे; आणि शेवटच्या चेहऱ्यावर अश्रू नाहीत, तर आवळलेले डोळे, खाली ओढलेल्या भुवया आणि ताणलेले तोंड आहे. मुलाला विचारताना ‘आनंदी’ किंवा ‘दुःखी’ असे शब्द वापरू नयेत, तुझा चेहरा कसा दिसतो हे नव्हे तर तुला आत किती दुखते ते दाखव असे सांगावे, हे तिच्या सूचनांतच आहे. साधारण ४ वर्षांपासून ती वापरता येते, तिच्या सूचनांची अनेक भाषांत भाषांतरे झाली आहेत आणि रुग्णसेवेसाठी ती विनामूल्य वापरता येते. तुमच्यापैकी ज्यांच्याकडे निर्णय घेण्याचा अधिकार आहे, त्यांनी दोन्ही पट्ट्या शेजारी ठेवून, आपल्या वॉर्डातल्या पाच-सहा मुलांना स्वतः विचारून पाहावे, एवढी माझी विनंती आहे.

पट्टी भिंतीवर नसावी, हातात असावी. खाटेवर आडव्या पडलेल्या मुलाला भिंतीवरचा तक्ता मान वळवून बघावा लागतो आणि त्यावर बोट ठेवता येत नाही. पोस्टकार्डाहून थोडा मोठा, प्लास्टिकचे आवरण घातलेला पुठ्ठा केसपेपरच्या पाटीला दोरीने बांधला, तर तो प्रत्येक फेरीला आपोआप हातात येईल. अगदी लहान मुले, साधारण ५ वर्षांखालची, बहुधा पहिल्या नाहीतर शेवटच्या चेहऱ्यावरच बोट ठेवतात. तेव्हा त्यांच्या बाबतीत पट्टीइतकेच निरीक्षणालाही महत्त्व द्यावे लागते. नुसते आकडे विचारण्याची पद्धत साधारण ८ वर्षांखालच्या मुलांवर भरवशाची नाही. लकवा होऊन वाचा गेलेल्या मोठ्या माणसाला मात्र पुष्कळदा समजत सगळे असते, फक्त शब्द येत नाही. त्याला चेहऱ्यांची पट्टी किंवा शरीराची बाह्याकृती काढलेला कागद दिला तर तो कुठे आणि किती हे दोन्ही दाखवू शकतो. लकव्याने एका बाजूचे भान गेले असेल तर आडव्या पट्टीचा अर्धा भाग त्याच्या लक्षातच येत नाही, म्हणून त्याच्यापुढे पट्टी उभी धरावी.

पण माझ्या भाचीसारख्यांना यातली कोणतीच पट्टी चालत नाही. तिथे आपण बघायचे असते, आणि बघण्याचीही रीत ठरलेली आहे. मिशिगन विद्यापीठात तयार होऊन १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या फ्लॅक या तक्त्यात पाच गोष्टी पाहतात : चेहरा, पाय, अंगाची हालचाल, रडणे आणि समजावल्यावर शांत होणे. प्रत्येकीला ०, १ किंवा २ गुण. पाय सैल असले तर ०, अस्वस्थ किंवा ताठर असले तर १, झाडत असले किंवा पोटाशी ओढून घेतले असले तर २. जवळ घेतल्यावर, बोलल्यावर मूल निवत असेल तर १, कशानेच निवत नसेल तर २. अशी बेरीज १० पर्यंत जाते. दोन महिन्यांपासून सात वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी तो केलेला होता. यंत्र लागत नाही, खर्च नाही. लागतात ती अंगावरचे पांघरूण बाजूला करून शांतपणे बघण्याची काही मिनिटे. नाडी आणि रक्तदाब यांवरून वेदना ठरवण्यापेक्षा हे कितीतरी खात्रीचे आहे, कारण वेदना तासन्‌तास चालू राहिली तरी नाडी पुष्कळदा पूर्ववत होते.

या तक्त्याची २००६ साली सुधारित आवृत्ती निघाली, आणि या पत्राचा मला सर्वात महत्त्वाचा वाटणारा भाग तिच्याशी निगडित आहे. बौद्धिक दिव्यांग मुलांची वेदना दाखवण्याची तऱ्हा एकेकाची वेगळी असते, हे तिच्या कर्त्यांनी मान्य केले. कोणी हसते, कोणी एकदम निश्चल होते, कोणी श्वास रोखते, कोणी स्वतःच्या गालावर मारून घेते, कोणाचे अंग नेहमीपेक्षा जास्त कडक होते. म्हणून सुधारित तक्त्यात प्रत्येक मुद्द्यापुढे रिकामी जागा ठेवली आहे आणि मूल दाखल करतानाच आईवडिलांना विचारून, या मुलाची खूण कोणती, हे त्यात लिहून घ्यायचे आहे. आईच्या डोळ्यांना जे दिसते त्याला अशा रीतीने केसपेपरवर अधिकृत स्थान मिळाले. घरी सांभाळणाऱ्यांसाठी आणखी एक ३० मुद्द्यांची यादी आहे; ३ ते १८ वर्षांच्या न बोलणाऱ्या मुलाला दोन तास पाहून, त्याचे खाणे, झोप, आवाज, हालचाल यांवरून ती भरतात. सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलांना खुब्याचा सांधा सरकणे, स्नायूंचे आकडणे, बद्धकोष्ठ, जठरातले आम्ल वर येणे, किडलेली दाढ अशी दुखण्याची कारणे वर्षानुवर्षे सोबतच असतात. त्यामुळे ‘हे तर नेहमीच असे करते’ हे वाक्य ऐकले की मला आता धास्ती वाटते.

आईचे ऐकावे म्हणजे मुलाचे ऐकू नये, असा याचा अर्थ कृपया घेऊ नये. मूल स्वतः सांगू शकत असेल तर त्याचे सांगणे पहिले. आईवडीलदेखील मुलाचे दुखणे अनेकदा आहे त्यापेक्षा कमी समजतात. मूल सांगू शकत नसेल, तर दुखण्यासारखे काही घडले आहे का, टाके, प्लास्टर, सुई, तुंबलेली लघवी, हे आधी शोधावे. मग निरीक्षणाचा तक्ता भरावा. मग सांभाळणाऱ्याला विचारावे. आणि तरीही शंका राहिली तर डॉक्टरांच्या सल्ल्याने वेदनाशामक देऊन वागण्यात फरक पडतो का ते पाहावे. हा क्रम तज्ज्ञांनी घालून दिलेला आहे, मी मनाचे काही सांगत नाही.

वृद्धांची गोष्टही याहून वेगळी नाही. माझ्या सासूबाई शेवटची चार वर्षे विसरभोळ्या नव्हे, पूर्णच विसरलेल्या होत्या. रोज सकाळी अंघोळीला नेताना त्या ओरडत, हाताला चावत. शेजारपाजारचे म्हणत, म्हातारीला वात झालाय. झोपेच्या गोळ्यांनी त्या दिवसभर गळून पडत आणि अंघोळीला मात्र तसाच आकांत करत. एका डॉक्टरांनी त्यांचा गुडघा हाताने वाकवून पाहिला, त्यांच्या कपाळाच्या आठ्यांकडे पाहिले आणि अंघोळीआधी पॅरासिटामॉल द्यायला सांगितले. पाचव्या-सहाव्या दिवसापासून त्या माझ्या खांद्यावर हात ठेवून न्हाणीत येऊ लागल्या. पुढे वाचनात आले की नॉर्वेमधील १८ वृद्धाश्रमांतल्या ३५२ स्मृतिभ्रंशग्रस्त रुग्णांवर झालेल्या आणि २०११ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नेमके हेच तपासले होते : वेदनेवर आठ आठवडे पद्धतशीर उपचार केले, तेव्हा रुग्णांची आदळआपट स्पष्टपणे कमी झाली, आणि त्यातल्या बहुतेकांना दिलेले औषध साधे पॅरासिटामॉलच होते. उलट बाजूही नोंदलेली आहे. २००० साली न्यूयॉर्कमधून प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, खुब्याचे हाड मोडलेल्या, पण स्मृती शाबूत असलेल्या वृद्धांना जेवढे मॉर्फिन मिळाले त्याच्या एक तृतीयांशच तीव्र स्मृतिभ्रंश असलेल्यांना मिळाल्याचे दिसले. हाड दोघांचे सारखेच मोडले होते. अशा रुग्णांसाठी २००३ साली तयार झालेला पेनॅड हा तक्ताही पाच मुद्द्यांचाच आहे : श्वास, कण्हणे, चेहरा, अंगाची ठेवण आणि समजावल्यावर शांत होणे. फ्लॅक शिकलेल्या परिचारिकेला तो एका दुपारी शिकता येईल.

आता आपल्या जिल्ह्याविषयी, कारण इथे आणखी एक पदर आहे. आपल्या वॉर्डात एका खाटेवर मराठी, शेजारी कानडी, पलीकडे उर्दू आणि कणकुंबी-जांबोटीकडून आलेल्याच्या तोंडी कोकणीची छटा असलेली मराठी, असे रोजचे चित्र आहे. परिचारिका कधी विजापूर-बागलकोटकडच्या, कधी केरळच्या. सीमाप्रश्नाबद्दल माझी जी काही मते असतील ती या पत्रात आणण्याचे मला कारण दिसत नाही; खानापुरातल्या मराठी मुलाला जी सोय हवी तीच सौंदत्तीहून आलेल्या कानडी मुलाला आणि बेळगावच्या उर्दू शाळेतल्या मुलाला हवी, हे मी मनापासून म्हणते.

पण भाषांतर कोणत्या शब्दांत करायचे, इथे मी शिक्षिकेचा अधिकार वापरून थोडी अडून बसणार आहे. ‘वेदनारहित’ आणि ‘असह्य वेदना’ असे छापलेली पट्टी मी पाहिली आहे. आमच्या गावात कोणत्याही आईने पोराला “वेदना होतात का?” असे विचारल्याचे मला आठवत नाही. दुखतं, लागलं, ठणकतंय, ठसठसतंय, कळ येते, टोचतंय, आग होते, चमक मारते, हे आमचे शब्द आहेत. तान्ह्या वयात ‘बाऊ’ हा एकच शब्द सगळ्यांना पुरतो. बेळगावकडचे पोर “दुखुलंय” म्हणेल. खुद्द ‘दुखणं’ या शब्दाचा अर्थ मोठ्या माणसांच्या तोंडी आजारपण असाही असतो, त्यामुळे “दुखणं किती आहे?” असे विचारल्यावर म्हातारा माणूस वेदनेऐवजी आजाराचे सगळे पुराण सांगू लागतो, त्यात त्याची चूक नसते. कानडीतही कागदावर ‘नोवु’ असले तरी आगीच्या वेदनेला ‘उरि’ असा वेगळा शब्द आहे, आणि भाजलेल्या मुलाला तोच विचारायला हवा. म्हणून भाषांतर कार्यालयात बसून होऊ नये; दोन्ही-तिन्ही भाषांतल्या आयांना, आजींना ते वाचून दाखवावे, त्यांना काय कळले ते त्यांच्याच तोंडून ऐकावे आणि मगच छापावे. उर्दू शाळेतल्या मुलाचे डोळे उजवीकडून डावीकडे जायला शिकलेले असतात. त्याला पट्टी दाखवताना न दुखणारा चेहरा कोणता, हे आधी बोट ठेवून सांगितलेच पाहिजे.

माझी मागणी एवढ्या मोठ्या कामाच्या मानाने लहान आहे. बोलू न शकणारा रुग्ण दाखल होताना केसपेपरच्या पहिल्या पानामागे एक पान जोडले जावे, आणि त्यावर सांभाळणाऱ्याला विचारून चार गोष्टी लिहिल्या जाव्यात : दुखत नसते तेव्हा हा माणूस कसा असतो, दुखते तेव्हा काय करतो, कशाने शांत होतो, आणि घरात दुखण्याला कोणता शब्द आहे. हे पान त्याच्या भाषेत आणि परिचारिकेच्या भाषेत, दोन्हींत असावे. वेदनेच्या रकान्यात आकड्याशेजारी तो कशावरून भरला, रुग्णाने दाखवले की निरीक्षणाने, हे एका अक्षराने नोंदवावे. आणि दोन्ही करता आले नाही तर शून्य न लिहिता ‘पाहता आले नाही’ असे लिहिण्याची मुभा परिचारिकेला असावी. औषध दिल्यावर तासाभरात पुन्हा बघून दुसरा आकडा लिहावा, कारण एकट्या आकड्यावरून औषधाने काम केले की नाही ते कळत नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने मान्य केलेल्या २१ प्रकारांत सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व आणि स्वमग्नता हे तिन्ही आहेत. ज्यांची गणना कायद्याने केली, त्यांच्या खाटेपाशी एक जास्तीचे पान ठेवणे प्रशासनाला जड जाऊ नये. आशा कार्यकर्तीला हे पान भरायला शिकवले, तर ते दवाखान्यात येण्याआधीच घरी तयार असेल.

मला एका धोक्याचीही जाणीव आहे. अमेरिकेत १९९० च्या दशकात वेदनेला पाचवी महत्त्वाची नोंद म्हणून नाडी-तापाच्या पंक्तीला बसवले गेले, आणि पुढे आकडा खाली आणण्याच्या घाईत अफूजन्य औषधांचा वापर वाढण्यात त्याचाही हात होता अशी टीका झाली. २०१६ साली तिथल्या वैद्यक संघटनेने वेदनेला या पंक्तीतून काढावे असे सुचवले. तेव्हा ४ आला की अमुक गोळी आणि ७ आला की तमुक इंजेक्शन, असे यंत्रवत नाते कोणी जोडू नये. आकड्याचे काम डॉक्टरांना खाटेपाशी आणण्याचे आहे. माझ्या भाचीच्या टाचेला त्या रात्री इंजेक्शन नको होते, कोणीतरी प्लास्टर कापायला हवे होते.

परिचारिकांवर कामाचा किती भार आहे हे मी त्या अकरा दिवसांत पाहिले आहे, आणि एक जास्तीचा कागद म्हणजे काय असते हे सरकारी शाळेत ३१ वर्षे घालवलेल्या माणसाला सांगावे लागत नाही. म्हणूनच मी एक पान आणि आहे त्या रकान्याची दुरुस्ती, एवढेच मागते आहे. भाषेच्या कामासाठी मराठी, कानडी आणि उर्दू शाळांतले आम्ही काही निवृत्त शिक्षक विनामोबदला यायला तयार आहोत. शब्द जमवणे, आयांना वाचून दाखवणे, मुद्रिते तपासणे हे सगळे आम्ही करू. कोणत्या दिवशी, कुठे यायचे तेवढे कळवावे.

त्या सिस्टरविषयी एक सांगायचे राहिले. टाचेची जखम सापडल्यावर दुसऱ्या रात्री त्या ड्यूटीवर आल्या, खाटेपाशी बसल्या आणि माझ्या बहिणीला एकेक खूण विचारू लागल्या. बहिणीने हसण्याची नक्कल करून दाखवली, बोटे मुडपून दाखवली. त्यांनी पांढऱ्या चिकटपट्टीचा वीतभर तुकडा फाडला, त्यावर बॉलपेनने कानडीत दोन शब्द लिहिले आणि तो खाटेच्या दांडीला चिकटवला : ‘नक्करे नोवु’. हसली तर दुखतंय. पुढचे सात दिवस प्रत्येक पाळीच्या परिचारिकेने ते वाचले, आणि त्या सात दिवसांत तिला एकदाही तशी रात्र काढावी लागली नाही. घरी जाताना मी ती चिकटपट्टी सोडवून तिच्या फाइलच्या आतल्या बाजूला लावून ठेवली. आपण बैठकीला बोलावलेत तर नमुना म्हणून ती सोबत घेऊन येईन.

आपली नम्र,
एक निवृत्त शिक्षिका,
खानापूर तालुका, जिल्हा बेळगाव